हायडन संपायच्या आधी ओठ संपतात, मी सोलोइस्ट कशी होणार?

पत्र बरंच मोठं होतं, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात देते. मुलगी एकवीस वर्षांची आहे, संगीताच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला, वाद्य ट्रम्पेट. ती लिहिते, "ताई, मला क्लासिकल सोलोइस्टच व्हायचंय. ऑर्केस्ट्राच्या मागच्या रांगेत बसून साठ-साठ बार (मात्रांचे गट) मोजत बसायचं नाहीये. सर म्हणतात, ट्रम्पेटवर फक्त सोलो वाजवून जगणारे लोक सगळ्या जगात बोटांवर मोजण्याइतके, तू गुपचूप ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनची तयारी कर. व्हायोलिनवाल्या मैत्रिणी चिडवतात की तुमच्याकडे कॉन्चेर्टो (एक सोलो वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांची रचना) दोनच आहेत, हायडनचा आणि हुमेलचा. मी रोज चार-पाच तास वाजवते तरी हायडनच्या शेवटच्या मूव्हमेंटला (भागाला) पोचेपर्यंत ओठ जातात, वरचे सूर लागतच नाहीत. पिकोलो (छोटा ट्रम्पेट) घेतला तर सोपं जाईल का? की मी हे स्वप्नच सोडून देऊ?"

अगं, आधी ओठांचं बोलू, बाकी स्वप्न वगैरे नंतर.

चार-पाच तास रोज हे वाचून मी जरा दचकलेच. व्हायोलिनवाली चार तास वाजवू शकते, पियानोवाला सहा तास बसू शकतो, पण आपलं वाद्य मांसावर चालतं. तोंडाभोवती जो गोल स्नायू आहे तोच सगळं काम करतो आणि तो काही मांडीच्या स्नायूसारखा दणकट नाही. तो थकला की काय होतं, तर आपण नकळत माउथपीस ओठांवर अजून दाबतो, दाबलं की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, मग अजून थकवा येतो, मग अजून दाब, आणि शेवटी सूर ओठांनी नाही तर दंडाच्या जोराने काढायला लागतो. तुझा हायडन तिसऱ्या मूव्हमेंटमध्ये संपतो असं तू म्हणतेस पण मला वाटतं तो पहिल्या मूव्हमेंटमध्येच संपायला लागलेला असतो, तुला कळतं फक्त तिसऱ्यात.

जितकं वाजवायचं तितकीच विश्रांती, हा आपल्यातला जुना नियम आहे आणि तो आळशी लोकांनी काढलेला नाही. पाच मिनिटं वाजवलं की पाच मिनिटं वाद्य खाली. त्या खालच्या पाच मिनिटांत मोबाईल नाही बघायचा, तीच फ्रेज गाऊन बघायची, नुसती बोटं व्हॉल्व्हवर, म्हणजे सूर बदलायच्या बटणांवर, फिरवायची, श्वास कुठे घेणार ते पेन्सिलने लिहायचं. एका दमात दोन तास काढण्यापेक्षा दिवसात तीन-चार छोटी सेशन्स ठेव, आणि त्यातलं एक सेशन तरी पूर्ण हळू आवाजात असू दे, लांब सूर, लिप स्लर (फक्त ओठांनी एका सुरावरून दुसऱ्यावर जाणं), अगदी पियानिसिमो. हळू वाजवताना दाबून भागत नाही, म्हणून तर ते इतकं कंटाळवाणं वाटतं. आणि वाजवून झाल्यावर ओठ बधिर राहत असेल, किंवा दुसऱ्या दिवशीही दुखत असेल, किंवा जे सूर कालपर्यंत सहज यायचे ते अचानक हवेसारखे फुसफुस यायला लागले, तर सल्ला सदर वाचत बसू नको, वादकांना तपासायचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडे जा. या स्नायूला खरोखरची इजा होते, आणि तिच्यावर जिद्दीने वाजवत राहणं हा इलाज नाही.

बाखच्या लाइपझिगमधल्या ट्रम्पेटवाल्याची गोष्ट तुला माहीत असेल, गॉटफ्रीड राइशं. ५ ऑक्टोबर १७३४ ला राजासमोरच्या कार्यक्रमात वाजवलं, मशालींच्या धुरात, आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात कोसळून गेला. वय झालेलं होतं, धुराचाही त्रास झाला म्हणतात, म्हणजे सगळा दोष बाखच्या वरच्या सुरांना देऊ नये. तरी हे वाद्य शरीराकडून काय वसूल करतं ते तेव्हापासून लोकांना माहीत आहे एवढंच.

आता मैत्रिणींच्या टोमण्याबद्दल. दोनच कॉन्चेर्टो हे खोटं आहे, पण त्यात जे थोडं खरं आहे त्यातच तुझ्या करिअरचं उत्तर लपलंय, म्हणून इथे मी जरा रेंगाळणार आहे.

बाखच्या काळातल्या ट्रम्पेटला व्हॉल्व्हच नव्हते. दोन मीटरहून लांब साधी नळी, ओठांनी जे नैसर्गिक सूर निघतील तेवढेच. खालच्या भागात हे सूर एकमेकांपासून खूप लांब असतात, तिथे फार तर बिगुलासारखं काहीतरी वाजेल, सलग धून नाही. वरती मात्र ते जवळजवळ येतात, म्हणून ज्याला धून वाजवायची त्याला अगदी वर जाऊनच वाजवावं लागायचं. दुसरा ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्टो असा डोक्यावरून जाणारा का आहे याचं कारण हे, बाखला आपला छळ करायची हौस नव्हती. पुढे संगीताची चव बदलली, तसं वर वाजवणारे लोकही कमी होत गेले, आणि ट्रम्पेट ऑर्केस्ट्रात ढोलाच्या जोडीने ठराविक सूर देणारं वाद्य होऊन बसलं.

मग व्हिएन्नात आंतोन वाइडिंगर नावाचा दरबारी ट्रम्पेटवादक नळीला भोकं आणि त्यावर झाकणं बसवलेल्या कीड ट्रम्पेटवर काम करत होता. त्याच्यासाठी हायडनने १७९६ मध्ये कॉन्चेर्टो लिहिला. आता तू जो वाजवतेस तो या नजरेने परत उघडून बघ. सुरुवातीला ऑर्केस्ट्रा वाजवत असताना हायडन सोलोइस्टला दोन-चार सूर देतो, अगदी जुन्या ट्रम्पेटला जमतील असेच, आणि मग सोलो सुरू होतो तो खालच्या भागात, एकेक पायरी चढत, मध्ये एकही सूर न गाळता. आज आपल्याला ती साधी स्केल वाटते. त्या काळात हे सूर ट्रम्पेटमधून येतात हेच लोकांसाठी नवल होतं! पहिला जाहीर प्रयोग झाला २८ मार्च १८०० ला, म्हणजे लिहून झाल्यावर चार वर्षांनी. हुमेलचा १८०३ चा, तोही त्याच वाइडिंगरसाठी, १८०४ च्या नवीन वर्षाच्या दिवशी वाजला.

म्हणजे बघ, ज्या दोन कॉन्चेर्टोंवरून तुला चिडवतात ते दोन्ही एका माणसामुळे आहेत. त्याच्या हातातल्या वाद्यासाठी लिहिलेलं काहीच नव्हतं, त्याने वाद्यावर डोकं लावलं आणि ओळखीच्या मोठ्या संगीतकारांनी त्याच्यासाठी लिहिलं.

गंमत अशी की त्यानंतर लवकरच व्हॉल्व्ह आले, ट्रम्पेटला सगळे सूर मिळाले, आणि नेमकं तेव्हाच मोठ्या संगीतकारांनी सोलोकडे पाठ फिरवली. रोमँटिक काळात पियानो आणि व्हायोलिनला कॉन्चेर्टोंची रांग लागली, ट्रम्पेट मात्र ऑर्केस्ट्रात. व्हर्च्युओसो, म्हणजे कसबी वादक, कॉर्नेटकडे (ट्रम्पेटच्या छोट्या भावंडाकडे) गेले, आर्बांचं ते सरावाचं जाडजूड पुस्तक, १८६४ चं, जे तुझ्या स्टँडवर आत्ताही असणार, ते कॉर्नेटवाल्याचंच. विसाव्या शतकात मग परत काम आलं, तोमासी आणि जोलिवे १९४८ मध्ये, आरुतुनियान १९५० मध्ये, त्सिमरमन १९५४ मध्ये. मैत्रिणींना एवढी चार नावं सांगितलीस तरी पुरे. ब्राम्सने आपल्यासाठी कॉन्चेर्टो लिहिला नाही ही जखम मात्र आहे, ती काही भरणार नाही.

आता सर आणि ऑर्केस्ट्रा. मॉरिस आंद्रेचं नाव तू पत्रात आदर्श म्हणून लिहिलंयस, मग त्याचं सुरुवातीचं आयुष्यही बघ ना. फ्रान्समधल्या आलेसचा, जन्म १९३३, वडील खाणकामगार आणि हौशी ट्रम्पेटवाले, हा स्वतः चौदाव्या वर्षी कोळशाच्या खाणीत कामाला लागला. पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत फुकट शिकता यावं म्हणून मिलिटरी बँडमध्ये भरती झाला. १९५५ मध्ये जिनिव्हाची स्पर्धा जिंकली, १९६३ मध्ये म्युनिकची, आणि या सगळ्या काळात तो काय करत होता तर ऑर्केस्ट्रात बसत होता! १९५३ ते १९६० लामूरू ऑर्केस्ट्रात, शिवाय इतरही ठिकाणी. सोलोइस्ट म्हणून जगभर नाव झालं ते हळूहळू, रेकॉर्डिंगमागून रेकॉर्डिंग करत, ती पुढे तीनशेच्या वर गेली. तेव्हा मागची रांग म्हणजे पराभव, हे डोक्यातून काढ बरं. मी स्वतः ब्रासच्या (पितळी वाद्यांच्या) रांगेत बसलेली बाई आहे त्यामुळे हे वाक्य मला जरा लागलंही, पण असो. साठ बार गप्प बसून, ओठ गार पडलेले असताना, एकदम उघड्यावर सूर लावायचा हे सोलोइस्टलाही करावं लागतं, ते शिकायला रांगेपेक्षा चांगली जागा नाही. माहलरची पाचवी सिंफनी सुरू होते ती एकट्या ट्रम्पेटने, बाकी सगळे गप्प. रॅव्हेलने १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी केलेल्या मुसोर्गस्कीच्या 'पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन'ची सुरुवातही तशीच. हे सोलो नाहीत तर काय आहेत? ऑडिशनला पडद्यामागे उभं राहून हेच वाजवायचं असतं, आणि ज्याला पहिल्याच सुरात ते जमलं त्याला कॉन्चेर्टोची पहिली एंट्री घाबरवत नाही.

सरांचा आकडा मात्र चुकीचा नाही. फक्त सोलोवर जगणारे फार थोडे. जे आहेत त्यांच्यातले बरेचजण शिकवतात, मास्टरक्लास घेतात, छोट्या ग्रुपमध्ये वाजवतात, कोणी कंडक्टही करतात. कारण सरळ आहे, ऑर्केस्ट्रा वर्षाला पियानोवाले आणि व्हायोलिनवाले भरपूर बोलावतात, ट्रम्पेट सोलो ठेवलाच तर एखादा. तेव्हा सोलो हे रोजचं पोट भरणारं काम धरू नको, दुसरं काहीतरी नियमित असू दे. यात मी जास्त शिरत नाही, तुला हे समजतंय असं पत्रावरून वाटलं.

मग तो एखादा सोलो तुलाच का द्यावा, हा खरा प्रश्न. आणि इथे मला जे म्हणायचंय ते हे, की ज्यांना ज्यांना तो मिळाला त्या सगळ्यांनी आपलं वाजवायचं साहित्य स्वतः उभं केलं. आंद्रेने पिकोलो हाती घेऊन बरोक काळातलं ओबो, बासरी, व्हायोलिनचं, अगदी गळ्याचंसुद्धा संगीत ट्रम्पेटवर आणलं. स्वीडनचा हॉकन हार्डेनबर्गर उलट्या दिशेने गेला, जिवंत संगीतकारांच्या मागे लागला. बर्टविसलचं एंडलेस परेड त्याच्यासाठी लिहिलेलं आहे, ग्रुबरचं एरियलसुद्धा, १९९९ मध्ये लंडनच्या प्रॉम्स संगीत महोत्सवात पहिल्यांदा वाजलेलं, ज्यात सोलोइस्टला वाजवता वाजवता त्याच ट्रम्पेटमध्ये गावंही लागतं. सर्गेई नाकारियाकोव्ह पियानो शिकत होता, १९८६ मध्ये कार अपघातात पाठीच्या कण्याला इजा झाली म्हणून ट्रम्पेटकडे वळला, आणि पुढे चेलोचे कॉन्चेर्टो फ्लुगेलहॉर्नवर (ट्रम्पेटच्याच घराण्यातलं, मऊ आवाजाचं वाद्य) वाजवायला लागला. ऐकून बघ, पहिली दोन मिनिटं हा श्वास कधी घेतो तेच शोधत बसशील. अ‍ॅलिसन बॉल्समने व्हॉल्व्ह नसलेला जुना ट्रम्पेट घेऊन २०१३ मध्ये लंडनच्या ग्लोब थिएटरमध्ये पर्सेलच्या संगीतावर आख्खं नाटक उभं केलं. नॉर्वेच्या तिने थिंग हेल्सेटने दहा बायकांचा ब्रास ग्रुप काढला, टेनथिंग नावाचा. यातली कुठलीही वाट तशीच्या तशी उचलू नको, उचललीस तर ती त्यांचीच राहील.

तू काय करू शकतेस? कॉलेजात कंपोझिशन शिकणारी मुलं असतीलच. त्यांतल्या एकाला धर आणि म्हण की मला सहा मिनिटांचं काहीतरी लिही, ट्रम्पेट आणि पियानो, किंवा ट्रम्पेट एकटाच. त्यांना वाजवणारे हवेच असतात, बऱ्याचदा लिहिलेलं कागदावरच राहतं. त्याच्या शेजारी बसून दाखव की हा सूर इथे सोपा, इथे अवघड, इतकं वाजवल्यावर मला इतकी विश्रांती लागते, हा म्यूट (आवाज बदलायला ट्रम्पेटच्या तोंडात बसवतात तो) लावला की असा आवाज येतो. पहिलं काम बहुतेक फार ग्रेट होणार नाही. हरकत नाही, वाजव. आणि एक गाणं निवड, गळ्यासाठी लिहिलेलं, ते स्वतः ट्रम्पेटसाठी उतरव, सूर बदलून, श्वासाच्या जागा ठरवून. हे दोन्ही आणि हायडन, झाला ना रिसायटल.

पिकोलोचं. घाई करू नको. पिकोलोची नळी आपल्या नेहमीच्या बी फ्लॅट ट्रम्पेटच्या साधारण निम्मी, दीड मीटरऐवजी पाऊण मीटर. लोकांना वाटतं त्याने वरचे सूर आपोआप निघतात. तसं नाही, तो सूर काढायला ओठांना तेवढंच काम पडतं. फरक पडतो नेमकेपणात. वरच्या भागात नैसर्गिक सूर एकमेकांना चिकटून असतात, एकाच फिंगरिंगवर ओठ किंचित हलला की शेजारचा सूर लागतो आणि सगळ्या हॉलला कळतं. पिकोलोवर तोच सूर नळीच्या खालच्या हार्मोनिकवर (नैसर्गिक सुरावर) येतो, तिथे शेजारी लांब असतात, म्हणून नेम चुकायची शक्यता कमी. म्हणजे ते वाद्य नेमबाजीला मदत करतं, दमाला नाही, आणि तुझी तक्रार दमाची आहे. शिवाय त्याच्या छोट्या माउथपीसवर दाबायची सवय अजून वाढते. हायडनसाठी करायचंच असेल तर ई फ्लॅट ट्रम्पेट कॉलेजमधून महिनाभर उसना मिळतो का बघ, खूपजण हायडन त्यावरच वाजवतात, हलका जातो. दुसऱ्या मूव्हमेंटचा आवाज मात्र मला स्वतःला मोठ्या ट्रम्पेटवर जास्त आवडतो, थोडा जाड, थोडा माणसासारखा. हे माझं मत, भांडायला ये.

आणि ती दुसरी मूव्हमेंट, तिच्याबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाहीस! पहिलीतले ट्रिल्स लिहिलेस, तिसरीतली टंगिंग (जिभेने सूर तोडणं) लिहिलीस, मधलं आंदांते गायब. अगं, सोलोइस्ट कोण ते तिथे कळतं. वेगात टु-कु-टु-कु आजकाल सगळ्यांना येतं, वरचा सूर जिममध्ये गेल्यासारखा कमावता येतो. पण दोन ओळींची साधी धून अशी वाजवायची की ऐकणाऱ्याने ट्रम्पेट आहे हे विसरावं, त्याला वर्षं जातात. आंद्रेचं लोकांना जे वेड लागलं ते त्या गाण्यासारख्या आवाजाचं, नुसतं पिकोलोचं असतं तर तेव्हा इतरांकडेही पिकोलो होतेच. तर तू आंदांते रेकॉर्ड कर, चांगला माइक नसला तरी चालेल, आणि दुसऱ्या दिवशी ऐक, लगेच नको. प्रत्येक फ्रेजचा शेवट कसा होतोय तेवढंच बघ. सुरुवात सगळे सांभाळतात, शेवटचा सूर बहुतेकांचा टाकल्यासारखा पडतो. मग एखाद्या चांगल्या गायिकेचा कुठलाही संथ तुकडा घे आणि ती शेवटचा सूर कशी सोडते ते ऐक, हवा कमी करते की आधार ठेवून आवाज कमी करते. आपल्याला दुसरं करायचंय.

सरांशी भांडू नको. त्यांना जाऊन सांग की ऑडिशनची तयारी मी करते, पण वर्षाच्या शेवटी मला अर्ध्या तासाचा सोलो प्रोग्रॅम करायचाय, त्यासाठी तुम्ही आठवड्याला वीस मिनिटं द्या. नाही म्हणतील असं वाटत नाही. म्हणालेच तर त्यांना थेट विचार की माझ्या आवाजात काय कमी आहे. तुझ्या पत्रात त्यांचं सगळं बोलणं नोकरीबद्दल आहे, तुझ्या आवाजाबद्दल ते काय म्हणतात ते तू सांगितलंच नाहीस, कदाचित कधी विचारलंच नसशील.

आणि ताजा कलममध्ये तू सहज लिहिलंयस की पुढच्या महिन्यात अक्कलदाढ काढायचीय, ते सहज घेऊ नको हं. डेंटिस्टला आधीच सांग की मी ट्रम्पेट वाजवते. ताजी जखम असताना तोंडात तेवढा हवेचा दाब नको, कधीपासून वाजवायचं ते त्यांच्याकडूनच ठरवून घे, आणि तेव्हाही मधल्या भागातले हळू सूर, दहा मिनिटं, बस. ऑडिशनची तारीख अजून लागली नसेल तर दाढ आधी, आणि लागली असेल आणि दाढ दुखत नसेल तर थोडं पुढे ढकलता येईल का तेही त्यांनाच विचार.